अडतिसाव्या अंकाची किंमत

जुन्या चित्रकथांच्या बाजारात त्याला सगळे पाऊणशे म्हणत. पाऊणशे हे काही त्याचं वय नव्हतं. वय सदुसष्ट, पण वयापेक्षा थकलेला दिसत असल्यामुळे नव्या माणसाचा हमखास गैरसमज होई, आणि जुने लोक तो मजेत होऊ देत. आठवड्यातून एकदा जिथे रस्त्याच्या कडेला चादरी अंथरून जुनी पुस्तकं विकायला बसतात, तिथे तो सकाळी सकाळी हजर होई आणि प्रत्येक ढिगापाशी वाकून एकच विचारी, पाणबुड्याचा अडतिसावा अंक आला का, पंच्याहत्तरवाला. चोवीस वर्षं हा एकच प्रश्न. एवढ्या वर्षांत माणसाला टोपणनाव पडलं नसतं तरच नवल.

पाणबुड्या हे मुलांचं मासिक. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण मुखपृष्ठावर पाणबुड्या, आत पाणबुड्या, शेवटच्या पानावर बुडत्याला वर काढणाराही पाणबुड्याच, म्हणून सगळे त्याला तेच म्हणत. मुखपृष्ठाच्या डाव्या कोपऱ्यात वर एक गोल, आणि गोलात किंमत, साठ. अडतिसाव्या अंकाच्या वेळी प्रकाशकाच्या कचेरीत कुणाच्या तरी डोक्यात आलं की ती पंच्याहत्तर करावी. पण एकदम सगळीकडे वाढवली आणि गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तर काय घ्या, म्हणून आधी एका भागात करून बघायची. पूर्वेकडे जाणाऱ्या एका गाडीतल्या चारशे प्रती तेवढ्या पंच्याहत्तरच्या झाल्या. गोष्ट तीच, चित्रं तीच, कागद तोच. फरक दोन आकड्यांचा. या धंद्यात असं बऱ्याच मासिकांच्या बाबतीत झालेलं आहे, आणि त्या दोन आकड्यांपायी चांगली लेकुरवाळी, चष्मेवाली माणसं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

पाऊणशेचं घर दोन खोल्यांचं, त्यातली दीड खोली अंकांची. भिंतीला लावलेल्या फळ्यांवर पारदर्शक पिशव्यांत अंक उभे, प्रत्येकाच्या मागे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चिठ्ठी: कुठल्या गावचा, किती किमतीचा, आणखी किती प्रती माहीत आहेत. बंदरावरून बाहेर जाणाऱ्या प्रती, थंड डोंगराळ भागात भाडं धरून महाग केलेल्या प्रती, एका छापखान्याच्या संपात दुसरीकडे छापून घेतल्यामुळे स्वस्त झालेल्या प्रती. वाफ लागू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार तो लावून घेई. बायको आतून म्हणे की अंकांना घाम येऊ नये म्हणून मी घामाघूम व्हायचं, हे लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

लोक त्याच्याकडे मोल करून घ्यायला येत. वडील गेले, ट्रंक उघडली, आत हे निघालं, बघा काही आहे का. तो हात धुऊन कोरडे करी, टेबलावर पांढरं फडकं पसरी आणि आधी कोपरा बघे. छापील आकडा भिंगाखाली ठिपक्यांचा दिसतो, पेनाने केलेला आकडा कागदात पसरतो. साठचे पंच्याहत्तर करून आणणारे महाभाग त्याने कितीतरी पकडले आणि दाराबाहेर काढले. किमतीवर शिक्का मारलेला अंक असला तर तो भिंगसुद्धा उचलत नसे. दुकानदारांनी भाव चढवायला ठोकलेले शिक्के ढिगाने सापडत, आणि असा अंक म्हणजे रद्दी. मोल करताना त्याने कधी कुणाची भीड धरली नाही, स्वतःच्या फायद्यासाठी कधी कमी सांगितलं नाही. जे सांगितलं ते एका जाड वहीत तारखेसह लिहून ठेवी, आणि बाजारात त्याचा शब्द शेवटचा मानत.

पण पंच्याहत्तरवाला अंक त्याला संग्रहासाठी नको होता. तो त्याला भावासाठी हवा होता, आणि हे बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं.

चौतीस वर्षांपूर्वी तो मासिकं वाटणाऱ्या एका आगारात मोजणी कारकून होता. धाकट्या भावाचा पूर्वेच्या गावात बसथांब्याजवळ मासिकांचा स्टॉल होता, तोही याच्याच शब्दावर मिळालेला. न खपलेले अंक परत करायची तेव्हा एक रीत होती. अख्खे अंक पाठवायचं भाडं परवडत नसे, म्हणून स्टॉलवाल्याने मुखपृष्ठाचा वरचा भाग, नाव आणि किंमत असलेली चार बोटं रुंद पट्टी, कापून तेवढीच आगाराला पाठवायची. बिनडोक्याचा अंक रद्दीत. आगारात कारकुनाने पट्ट्या मोजायच्या, तेवढ्याचे पैसे स्टॉलवाल्याला मिळायचे, आणि पट्ट्या भट्टीत जायच्या.

मोजायच्या म्हणजे एकेक बघून मोजायच्या, असा नियम. पण दिवसाला हजारो पट्ट्या. कुठला कारकून बघतोय. सगळे फूटपट्टी लावत. गठ्ठा दाबून धरायचा, इंचाला शंभर धरायच्या आणि किंमत भिंतीवरच्या यादीतून उतरवायची. याचा हात तर इतका बसलेला की गठ्ठा दाबतानाच आकडा तोंडात यायचा, आणि त्याबद्दल साहेबाने एकदा चारचौघांत त्याची पाठ थोपटली होती.

अडतिसावा अंक पंच्याहत्तरला मुलांनी घेतला नाही. धाकट्याकडे बऱ्याच प्रती पडून राहिल्या. त्याने नियमाप्रमाणे पट्ट्या कापल्या, धडं रद्दीत घातली आणि पट्टीमागे पंच्याहत्तर मागितले. आगाराच्या यादीत साठ. पट्टीमागे पंधरा जास्त उकळायला निघालाय, असा बोभाटा झाला, तपासनीस आला, धाकट्याला बोलावून घेतलं. धाकटा सांगत राहिला की अंकावर पंच्याहत्तरच होतं. गठ्ठ्याबरोबर आलेली चिठ्ठी त्याने जपली नव्हती, चिठ्ठ्या कोण जपतं. मुलांकडच्या प्रती तोवर फाटल्या-हरवल्या होत्या. एक मिळाली, तिला मुखपृष्ठच नव्हतं. त्या मार्गावरच्या बाकीच्या तीन स्टॉलवाल्यांनी वारं कुठलं वाहतंय ते बघून आपापले दावे गुपचूप साठवर आणले. प्रकाशकाच्या कचेरीने कळवलं की अशी किंमत आम्ही कधी लावलीच नाही. ज्याची ती कल्पना होती तो ती फसल्यावर ताकास तूर लागू देत नव्हता. पट्ट्या केव्हाच भट्टीत गेल्या होत्या, तेव्हा शेवटी तपासनीस मोजणी कारकुनाकडे वळला. पट्ट्या तुम्ही मोजल्या, तर त्यांवर काय होतं तेवढं सांगा.

त्याने पट्ट्या बघितल्याच नव्हत्या. पण तसं म्हणावं तर नोकरी जाणार, आणि घरात नवी बायको, थकलेले आईवडील. शिवाय यादीत साठ आहे म्हणजे साठच असणार, असं त्या घटकेला त्याला खरंच वाटलंही असेल. माणूस अडचणीत असला की त्याला बरंच काही खरं वाटतं. तो म्हणाला, "साठ." धाकटा समोर उभा होता. त्याने दादाकडे एकदा बघितलं आणि नंतर तोंडातून शब्द काढला नाही, तपासनिसाशी नाही आणि दादाशी तर नाहीच. स्टॉल गेला. त्या गावात तो सायकली दुरुस्त करत राहिला, आणि गावाने त्याला पंधरावाला हे नाव दिलं. दोघा भावांची नावं अशी एकाच अंकाने ठेवली.

त्यानंतर दहा वर्षांनी बाजारात चहा पिताना एका म्हाताऱ्याची गाठ पडली. तो त्या मासिकाच्या छापखान्यात यंत्रावर होता. बोलता बोलता म्हातारा सहज म्हणाला की पंच्याहत्तर ना, ते आम्हीच छापलं होतं की, पूर्वेच्या गाडीसाठी, चारशे. हे कुठे येऊन सांगाल का, असं पाऊणशेने म्हटल्यावर म्हातारा हसला, आणि पुढच्या थंडीत वारलाही.

तेव्हाच बस पकडून भावाकडे जायला हवं होतं, हे कुणीही सांगेल. पण पाऊणशेने मनाशी वेगळा हिशेब मांडला. नुसत्या शब्दाने काय होणार? अंक मिळवायचा, तो धाकट्याच्या हातात ठेवायचा, गावासमोर ठेवायचा. अंक हातात असला की मग काही बोलावंच लागणार नाही. मी बघितलं नव्हतं, हे तीन शब्द त्याने कुणाला सांगितले नव्हते, बायकोलासुद्धा नाही. ते न बोलता सुटायची एकच वाट त्याला दिसत होती, आणि त्या वाटेवर तो चोवीस वर्षं चालला.

मग एका सकाळी भावजयीचा फोन आला. इतक्या वर्षांत तिचा हा तिसरा फोन, आधीचे दोन आईवडील गेले तेव्हाचे. ती म्हणाली, "भाऊजी, यांना डॉक्टरांनी आठवडा सांगितलाय. कळवायचं म्हणून कळवते." तो माझ्याबद्दल काही विचारतो का, असं याने कसंबसं विचारलं. ती म्हणाली की तुमचं नाव या घरात निघत नाही.

त्या दिवसापासून पाऊणशेने आकाशपाताळ एक केलं. वहीतल्या प्रत्येक संग्राहकाला फोन लावला, पेपरात जाहिरात दिली, रद्दीच्या वखारींत जाऊन गठ्ठे सोडून बघितले, आणि धुळीने खोकत घरी आला. तिसऱ्या दिवशी बाजारात जाऊन त्याने सांगून टाकलं की जो कुणी तो एक अंक आणून देईल, त्याला माझ्या दोन्ही भिंती देतो. सगळे अंक, फळ्यांसकट. एरवी त्याची टोपी उडवणाऱ्या विक्रेत्यांनीही आपापले ढीग पुन्हा उपसले. दोन दिवसांत पाच जण पंच्याहत्तरवाला अंक घेऊन दारात हजर, पाचही खोटे, एकाची तर शाई बोटाला लागली. जुना एक संग्राहक, ज्याच्याशी त्याची निम्म्या आयुष्याची ऊठबस, त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "अहो, तसला अंकच नाहीये. असता तर एवढ्या वर्षांत एक तरी निघाला असता." पाऊणशे त्याच्या अंगावर ओरडला. नंतर लाज वाटून फूटपाथच्या कडेला बसून राहिला, आणि लोक त्याला वळसा घालून जात राहिले.

पाचव्या दिवशी दुपारी त्याने आपल्याकडचा अडतिसावा अंक पिशवीतून काढला. साठचा, पण इतका स्वच्छ की कालच छापल्यासारखा. त्याने ब्लेडने गोलातलं साठ अलगद खरवडलं, तेवढ्या जागेचा रंग भरला, आणि बारीक कुंचल्याने, भिंग डोळ्याला लावून, ठिपका ठिपका करत पंच्याहत्तर काढलं. खोटे अंक पकडता पकडता खोटं कसं करायचं ते तो शिकलाच होता. फक्त इतर लोक जिथे घाई करतात तिथे त्याने केली नाही. बायको दारात उभी राहून बघत होती.

ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी हे केलं तर त्याला हाकलून देता."

हा विकायचा नाहीये, असं तो मान वर न करता म्हणाला. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल हो, भाऊ आहे तुमचा, असं ती म्हणाली. तिला बिचारीला वाटत होतं की नवऱ्याने यादीवर विश्वास ठेवला एवढीच काय ती चूक.

दुसऱ्या दिवशी बसने चार तास. अंक मांडीवरच्या पिशवीत, पिशवीवर दोन्ही हात. काय बोलायचं ते त्याने वाटेत दहा वेळा मनात घोळवलं आणि दहाही वेळा ते 'हा बघ, सापडला' यापाशीच थांबलं. त्याच्या पुढे काही बोलावं लागणार नाही, यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

धाकट्याचं घर सायकलच्या दुकानामागे. दुकान बंद, शटरला टेकून ठेवलेली दोन चाकं, आत वंगणाचा वास. भावजयीने दार उघडलं, या म्हणाली नाही आणि नको असंही म्हणाली नाही. तिच्या मागे एक बाई उभी होती, केसांत पांढऱ्या बटा असलेली. ही पुतणी आहे हे लक्षात यायला त्याला वेळ लागला. भावजयीने खिडकीजवळच्या पलंगाकडे हात केला आणि पाणी आणायला आत गेली.

धाकट्याची पार रया गेली होती. पण डोळे जागेवर होते, आणि ते दादाला बघून ना आश्चर्याने मोठे झाले ना रागाने. पाऊणशेने पिशवीतून अंक काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "हा बघ. सापडला."

धाकट्याने अंक घेतला तो मासिकं विकणाऱ्या माणसाच्या हाताने, घडीपाशी धरून, कोपऱ्याला बोट न लावता. चौतीस वर्षांत हात ते विसरला नव्हता. तो कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, "किती वेळ लागला?"

"चोवीस वर्षं."

"शोधायला नाही विचारत. करायला किती लागला?"

सगळ्या बाजाराला पाऊणशेने पकडलं, आणि त्याला पकडलं ते अंथरुणावरच्या माणसाने, भिंगाशिवाय, श्वास लागत असताना. तुला कसं कळलं, एवढंच तो कसंबसं म्हणाला.

"काम चांगलं झालंय," धाकटा म्हणाला. त्याला एकेक वाक्य तोडून बोलावं लागत होतं. "पण तसं नव्हतंच ते. गोलात साठच होतं. साठवर काळी रेघ मारलेली. आणि बाजूला जांभळ्या शाईत पंच्याहत्तर, वाकडं. शिक्का मारल्यासारखं. मलाच आधी वाटलं, गाडीवाल्याने ठोकलंय. म्हणून चिठ्ठी बघितली, तर चिठ्ठीवरही तेच."

म्हणजे मुखपृष्ठं आधीच साठची छापून झाली होती, आणि चारशे मुखपृष्ठांवर नंतर हातयंत्राने नवी किंमत मारली होती. आम्हीच छापलं, असं तो छापखान्यातला म्हातारा म्हणाला होता. कसं छापलं, ते पाऊणशेने विचारलं नव्हतं.

आणि मग त्याला शिवणकाम करणारी एक बाई आठवली. सहा वर्षं झाली असतील. वडिलांच्या ट्रंकेतले वीसेक अंक घेऊन आली होती, त्यांत अडतिसावा होता. साठवर काळी रेघ, बाजूला जांभळं, वाकडं पंच्याहत्तर. त्याने भिंग उचललं नव्हतं. शिक्का आहे हो, दुकानदाराने भाव चढवायला मारलेला, याला काही किंमत नाही, असं त्याने तिला सांगितलं, आणि ती म्हणाली की मग कॉलरच्या मापाचा कागद कापायला होईल. अंक दुमडून तिने पिशवीत कोंबला तेव्हा त्याने तिला चांगल्या अंकांना अशी घडी घालू नका, असा उपदेशही केला होता. वहीतली ओळ त्याला जशीच्या तशी दिसत होती, स्वतःच्या अक्षरातली. अडतीस. मूळ किंमत साठ. दुकानदाराची लबाडी. मोल: नाही.

तो पलंगाच्या कडेवर बसला. एकदा आगारात आणि एकदा घरच्या टेबलावर, धाकट्याला त्याने दोनदा चोर ठरवलं होतं, आणि दोन्ही वेळा न बघता. तो अंक आता या जगात कुठे असलाच तर कुणाच्या तरी कॉलरच्या मापात असेल. शोधायला काही उरलं नव्हतं.

"कसं दिसायचं ते मला विचारायचंस," धाकटा म्हणाला. "मी इथेच होतो. बसने चार तास."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते पाऊणशेला अधिक लागलं. हातात द्यायला आता काही नव्हतं. दुसरी कुठलीही वाट शिल्लक असती तर तो त्या वाटेने गेला असता, एवढं त्याच्या बाबतीत खरं सांगायला हवं.

"मी पट्ट्या बघितल्या नव्हत्या," तो म्हणाला.

धाकट्याने मान वळवली.

"एकही नाही. फूटपट्टी लावली आणि यादीतलं साठ लिहिलं. तपासनिसाने विचारलं तेव्हाही मला माहीत नव्हतं काय होतं ते."

बाहेर कुणीतरी दुकान उघडं आहे का म्हणून शटर वाजवलं आणि निघून गेलं. मग धाकटा म्हणाला, "मी धरून चाललो होतो की तू बघितलंस. बघून साठ म्हणालास. मला घालवायला." श्वास घेऊन तो पुढे म्हणाला, "चौतीस वर्षं मी कारण शोधत होतो, दादा. मी तुझं काय बिघडवलं होतं ते."

पाऊणशेला रडू आवरेना. तू काही बिघडवलं नव्हतंस, असं तो दोनतीनदा म्हणाला, पण ते नीट बाहेर आलं की नाही कोण जाणे. धाकट्याने त्याला थोपटलंबिपटलं नाही. खोटा अंक त्याने पांघरुणावर पालथा ठेवला. तेवढ्यात भावजय पाणी घेऊन आली, तेव्हा तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "हिला सांग."

पाऊणशेने तिला सांगितलं. पट्ट्या, फूटपट्टी, भिंतीवरची यादी. तो छापखान्यातला म्हातारा. तिच्या हातातला पेला तसाच राहिला. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, याच्याकडे बघत होती, आणि ऐकून झाल्यावर हळू आवाजात तिने विचारलं, "म्हणजे यांनी ते पंधरा खरंच लावले नव्हते?"

पाऊणशे हबकला. तिच्याकडून धाकट्याकडे त्याची नजर गेली. धाकट्याने डोळे मिटून घेतले होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता. तिला हे विचारायचं आहे, हे त्याला ठाऊक होतं. किती वर्षांपासून, ते कुणाला सांगता आलं नसतं. एका घरात, एका ताटात जेवून, ती पंधरावाल्याची बायको म्हणवून घेत राहिली आणि तिने कधी विचारलं नाही, आणि त्याने कधी सांगितलं नाही, कारण आगारात एकदा सांगून बघितलं होतं.

"नव्हते," पाऊणशे म्हणाला. "पंच्याहत्तरच होतं. तो खरं बोलत होता."

भावजयीने पेला खिडकीत ठेवला. पदराने नाही, उपड्या हाताने तिने तोंड पुसलं आणि आतल्या खोलीकडे वळून मुलीला हाक मारली. मुलगी दारात येऊन उभी राहिली, आईकडे आणि या परक्या काकाकडे आळीपाळीने बघत. तिच्या लग्नाच्या वेळी पंधरावाल्याची पोर म्हणून दोन ठिकाणं मोडली होती, हे पाऊणशेला नंतर कळलं.

"आता हिला सांगा," भावजय म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."

त्याने नाक पुसलं, आणि पट्ट्या आपण बघितल्या नव्हत्या इथपासून पुन्हा सांगायला लागला.